धातुशोधक यंत्रे, हौशी शोधकांचे मेळावे आणि पुरातत्त्वीय पुरावा

इंग्लंडात शेतांतील धान्याची कापणी आटोपली आणि पुढच्या पेरणीला अवकाश असला, म्हणजे अनेक ठिकाणी त्या मोकळ्या रानांत धातुशोधक यंत्रे घेतलेल्या हौशी लोकांचे मेळावे भरतात. तिकडे ह्यांना ‘रॅली’ म्हणतात. परंतु मराठीत त्या शब्दाला राजकीय मिरवणुकीचा वास असल्यामुळे येथे ‘मेळावा’ हाच शब्द वापरला आहे. शेकडो, क्वचित हजारावर माणसे ठरावीक शुल्क भरून एका किंवा अनेक शेतकऱ्यांच्या जमिनीवर जमतात, एक-दोन दिवस ती जमीन धुंडाळतात आणि जे सापडेल ते जमीनमालकाशी आधी ठरलेल्या अटींनुसार घरी नेतात. ह्यांतील बहुतेक लोक कारागीर, कामगार, निवृत्त नोकर अशा सामान्य थरांतील असतात व इतिहासाविषयी त्यांना खरीखुरी ओढ असते. तरीही पुरातत्त्वज्ञांत ह्या मेळाव्यांविषयी गेली अनेक वर्षे अस्वस्थता आहे. ती केवळ व्यवसायातील मत्सरापोटी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ती सर्वस्वी रास्त आहे असे म्हणणेही घाईचे होईल. तिचे स्वरूप नीट कळण्यासाठी यंत्र, कायदा आणि प्रत्यक्ष मेळावा ह्या तिन्ही गोष्टी थोड्या तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांपैकी एकीतून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीतील धातूच्या तुकड्यात त्यामुळे आवर्त प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचे स्वतःचे दुय्यम क्षेत्र निर्माण होते आणि दुसरी वेटोळी ते टिपून ध्वनीच्या रूपाने शोधकाच्या कानी घालते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याने १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी असेच एक उपकरण वापरून पाहिले होते. त्यात यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की ह्याने बनविलेले सुरुंगशोधक यंत्र एल अलामेनच्या लढाईत उपयोगी पडले. पुढे ट्रान्झिस्टरमुळे ही यंत्रे हलकी व स्वस्त झाली आणि १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये हा छंद झपाट्याने पसरला.

पुराव्याच्या दृष्टीने यंत्राचे दोन गुणधर्म ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. लहान नाण्यासारखी वस्तू सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच ओळखू येते. म्हणजे शोधकाचा वावर मुख्यतः नांगरटीच्या थरात असतो. हा थर शतकानुशतके उलथापालथ झालेला असतो. त्यातील वस्तू आपल्या मूळ जागेपासून थोडीफार सरकलेली असते आणि ती तशीच राहू दिली तर फाळाने व रासायनिक खतांनी झिजत जाते. हौशी शोधकांचा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे, आणि नांगरटीच्या थरापुरता तो मान्य करावा लागतो. न नांगरलेल्या कुरणांना मात्र तो लागू पडत नाही, कारण तेथे वीतभर खोलीवरच अस्पर्शित थर असू शकतो. दुसरा गुणधर्म असा की परत येणाऱ्या संकेताच्या कलाभेदावरून यंत्र लोखंड व इतर धातू ह्यांत फरक करू शकते. शेतांत खिळे, नाल, अवजारांचे तुकडे ह्यांचा सुळसुळाट असल्यामुळे पुष्कळ शोधक लोखंडाचे संकेत बंदच करून टाकतात. परिणामी अशा शोधांतून जमणाऱ्या संग्रहात सोने, चांदी, तांबे, कांसे व शिसे असते, पण लोखंड जवळजवळ नसते. ज्या समाजाचे रोजचे जीवन लोखंडावर चालत होते, त्याचे चित्र अशा संग्रहावरून काढू जाणे म्हणजे घरातील दागिन्यांवरून स्वयंपाकघराची कल्पना करण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष मेळाव्याची रचना बरीचशी ठरीव असते. संयोजक जमीनमालकाशी करार करतो, कोणती शेते खुली व कोणती वर्ज्य हे ठरवितो आणि नकाशा प्रसिद्ध करतो. १९७९ च्या प्राचीन वास्तू व पुरातत्त्वीय क्षेत्रविषयक कायद्याने संरक्षित ठरलेल्या स्थळी परवानगीवाचून धातुशोधक यंत्र वापरणे हा गुन्हा असल्यामुळे अशी स्थळे वगळावी लागतात. ठरलेल्या वेळी इशारा झाला की मंडळी शेतांत पांगतात. चकती जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवीत एकेक पाऊल पुढे टाकावयाचे, संकेत मिळाला की गवताचा वा मातीचा चौकोनी तुकडा कापून उचलावयाचा, वस्तू काढून खड्डा पूर्ववत बुजवावयाचा, असा हा संथ उद्योग असतो. बहुतेक खड्ड्यांतून निघतात ती डब्यांची झाकणे, काडतुसांची टोके, शिशाचे गोळे आणि गणवेशांची बुंधे नसलेली बटणे. दिवसभराच्या श्रमांती व्हिक्टोरियाच्या काळातील एखादे तांब्याचे पेनी हाती लागले तरी नवखा माणूस संतुष्ट असतो; हातोड्याने पाडलेले मध्ययुगीन रुपेरी नाणे मिळाले तर तो ते भोवतालच्या दहाजणांना दाखवून येतो. संध्याकाळी तंबूपाशी सापडलेल्या वस्तू मांडल्या जातात, जाणकार त्यांची ओळख पटवून देतात. ह्या सामाजिक बाजूचे महत्त्व कमी लेखू नये. जवळपास परवानगीची जमीन नसलेल्या शहरी माणसाला मेळावा हाच छंदाचा एकमेव मार्ग असतो आणि त्याचे शिक्षणही बव्हंशी तेथेच होते.

चांगल्या मेळाव्यात एक तंबू शोधनोंदणी अधिकाऱ्याचा असतो. हा अधिकारी ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ नामक योजनेचा असतो. १९९७ मध्ये काही विभागांत प्रयोगादाखल सुरू झालेली ही योजना २००३ पर्यंत सबंध इंग्लंड व वेल्समध्ये लागू झाली. तिची व्यवस्था ब्रिटिश म्यूझियम व वेल्सचे राष्ट्रीय संग्रहालय ह्यांच्याकडे आहे. कायद्याने ज्यांची वर्दी देणे बंधनकारक नाही अशा वस्तूही शोधकांनी स्वखुशीने दाखवाव्यात, अधिकाऱ्याने त्यांचे वर्णन, मोजमाप, छायाचित्र व सापडल्याचे स्थान नोंदवावे आणि वस्तू मालकाला परत द्यावी, अशी तिची पद्धत आहे. ह्या मार्गाने पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. एखाद्या सरकारी खात्याने स्वतःच्या बळावर एवढे क्षेत्र पायी तुडविणे कल्पनेतही शक्य नव्हते.

ही योजना कशातून उद्भवली हे समजण्यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यानुसार सोन्या-चांदीची वस्तू राजाच्या मालकीची ठरण्यासाठी ती मूळ धन्याने पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने पुरलेली असणे आवश्यक होते. म्हणजे सहस्र-दीड सहस्र वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या मनात काय होते, ह्याचा निर्णय आजच्या पंचांनी द्यावयाचा! १९३९ मध्ये सफोकमधील सटन हू येथे नौकेसह केलेले राजेशाही दफन उघडकीस आले, तेव्हा पंचांनी असा निवाडा दिला की मृताबरोबर पुरलेल्या वस्तू कोणी परत काढण्यासाठी पुरत नाही. सबब त्या जमिनीच्या मालकिणीच्या, श्रीमती ईडिथ प्रिटी ह्यांच्या. त्यांनी तो सर्व ठेवा ब्रिटिश म्यूझियमला दान केला म्हणून तो राष्ट्राला लाभला. प्रत्येक वेळी असे औदार्य आढळेलच असे नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमनकालीन मंदिराच्या जागेवर चोरट्या शोधकांनी धाड घातली आणि हजारो नाणी बाजारात पांगली. खटले झाले, परंतु जुन्या कायद्यातील हेतूच्या अटीमुळे ते तडीस नेणे दुष्कर ठरले. त्याच सुमारास, १९८० मध्ये, पुरातत्त्व संस्थांनी ह्या छंदाविरुद्ध मोहीम उघडली होती; तिला उत्तर म्हणून १९८१ मध्ये शोधकांनी आपली राष्ट्रीय परिषद स्थापिली. दोन्ही पक्षांत त्या काळी पडलेले अंतर अद्याप पुरते बुजलेले नाही.

१९९६ च्या निधी अधिनियमाने हेतूची अट काढून टाकली. हा अधिनियम १९९७ च्या सप्टेंबरात अंमलात आला. तीनशे वर्षांहून जुनी व निदान दहा टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू, तसेच एकत्र सापडलेली त्याच वयाची दोन वा अधिक मौल्यवान धातूंची नाणी आता ‘निधी’ ठरतात. हलक्या धातूची नाणी असतील तर किमान दहा लागतात. शोधकाने चौदा दिवसांच्या आत कोरोनरला वर्दी द्यावयाची असते. (मुंबई शहरात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे पद असल्यामुळे मराठी वाचकाला ते अपरिचित नाही, मात्र निधीची चौकशी हे त्याचे इंग्लंडातील जुने काम आहे.) संग्रहालयाला वस्तू हवी असल्यास तज्ज्ञ समिती बाजारभावाने तिचे मूल्य ठरविते आणि ती रक्कम सामान्यतः शोधक व जमीनमालक ह्यांत निम्मी-निम्मी वाटली जाते. पूर्वी वर्षाकाठी जेमतेम पंचवीसेक प्रकरणे येत, ती आता हजारावर येतात. वर्दी न देणाऱ्याला शिक्षाही कठोर होते. २०१५ मध्ये हेरेफर्डशरमध्ये सापडलेला व्हायकिंगकालीन निधी लपवून विकू पाहणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये दीर्घ कारावास झाला. तोपर्यंत सुमारे तीनशे नाण्यांपैकी अवघी तीसेक हाती लागली होती.

कायद्यात एक मोठी फट मात्र राहिली होती. २०१० मध्ये कम्ब्रियातील क्रॉस्बी गॅरेट येथे रोमन घोडेस्वाराचे मुखवटा असलेले अप्रतिम शिरस्त्राण सापडले. ते तांब्याच्या मिश्रधातूचे व एकटेच असल्यामुळे निधी ठरले नाही. लिलावात ते बावीस लाख पौंडांहून अधिक किमतीस खाजगी संग्राहकाकडे गेले आणि स्थानिक संग्रहालय पाहत राहिले. २०२३ च्या जुलैपासून दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही निधीत मोडू लागल्या, त्यामागे ह्या प्रकरणाची आठवण होती.

आता मुख्य प्रश्नाकडे. एखादा निधी कायद्याने राष्ट्राचा ठरला, त्याची किंमत चुकती झाली आणि तो काचेच्या कपाटात विराजमान झाला, म्हणजे त्यातील ज्ञान हाती आले काय? दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली असता उत्तर बरेच स्पष्ट होते.

२०१० च्या एप्रिलमध्ये सॉमरसेटमधील फ्रोमजवळ एकट्याने शोध घेणाऱ्या एका हौशी माणसाला एका खड्ड्यात नाणी व मातीच्या भांड्याचा काठ दिसला. त्याने तेथेच हात थांबविला, खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना कळविले. पुरातत्त्वज्ञांनी तीन दिवस खपून ते भांडे जागीच थराथराने रिकामे केले व प्रत्येक थरातील नाणी वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. एकंदर ५२,५०३ रोमन नाणी निघाली. त्यांचे वजन सुमारे १६० किलोग्रॅम भरले. केवळ आकड्यांनी थक्क होण्यासारखी ही गोष्ट आहे, परंतु खरे फळ पिशव्यांवरील क्रमांकांतून मिळाले. सर्वांत अलीकडची नाणी कॅरॉशिअसची (इ. स. २८६ ते २९३) होती. अनेक वर्षे थोडी थोडी बचत करून भांडे भरले असते, तर ही नाणी सर्वांत वर सापडावयास हवी होती. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळशी भांड्याच्या निम्म्याहून खाली होती. म्हणजे सर्व नाणी एकाच प्रसंगी ओतली गेली असली पाहिजेत. त्यातच भांडे इतके पातळ होते की भरल्यावर ते उचलणे शक्य नव्हते. ते आधी जमिनीत बसवून मग भरले असावे आणि पुन्हा काढून घेण्याचा विचार बहुधा नसावा. संकटकाळी पुरलेली पुंजी ह्या रूढ कल्पनेऐवजी देवतेला केलेले सामुदायिक अर्पण ही कल्पना त्यामुळे विचारात घेणे भाग पडले. तिच्यावर मतभेद आहेत. पण मतभेदाला आधार मिळाला तो थरांच्या नोंदीमुळे.

दुसरे उदाहरण मेळाव्यातले. २०१४ च्या २१ डिसेंबरला बकिंगहॅमशरमधील लेनबरो येथे एका मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली पाच हजारांहून अधिक रुपेरी नाणी सापडली. ती दुसरा एथेलरेड व क्नूट ह्या राजांची, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेणारी होती. शोधनोंदणी अधिकारी मेळाव्यास हजर होती, ही जमेची बाजू. वर्दी देण्यात कसूर झाली नाही, हेही तितकेच खरे. परंतु तो वर्षातील सर्वांत लहान दिवस होता. भोवती पाहणाऱ्यांची गर्दी होती आणि निधीची वार्ता त्याच दिवशी सर्वत्र होणार हे उघड होते. अंधार पडण्यापूर्वी संपूर्ण निधी काढून नेण्यात आला. नंतर पुरातत्त्वज्ञांनी ह्या घाईवर टीका केली. मातीसह संपूर्ण गठ्ठा उचलून प्रयोगशाळेत उलगडता आला असता, किंवा रात्रीपुरता पहारा बसवून दुसऱ्या दिवशी पद्धतशीर उत्खनन करता आले असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे निधीचे मूल्य साडेतेरा लाख पौंड ठरले व तो परगण्याच्या संग्रहालयात गेला. एकेका नाण्याची टांकसाळ व टांकणाऱ्याचे नाव वाचता येते. त्यावरून बरेच कळते. परंतु फ्रोमच्या बाबतीत जो प्रश्न विचारता आला, तो लेनबरोच्या बाबतीत त्याच नेमकेपणाने विचारणे कठीण झाले.

ह्या दोहोंतील फरक शोधकांच्या सचोटीचा नाही. फ्रोमचा माणूस एकटा होता. त्याला घाई नव्हती आणि खड्डा बुजवून घरी जाणे त्याला शक्य होते. मेळाव्यात गुप्तता अशक्य असते, रात्र पडणार असते, शुल्क भरलेली माणसे दूरवरून आलेली असतात. दोष परिस्थितीच्या रचनेत आहे आणि त्यावरचा उपायही रचनेतच शोधला पाहिजे: उत्खननाची सामग्री व पहाऱ्याची सोय आधीच सज्ज ठेवणे, हात कोठे थांबवावा हे प्रत्येकाला आरंभीच बजावणे, आणि नोंदणीसाठी पुरेशी माणसे असणे. २००६ मध्ये पुरातत्त्व संस्था, जमीनमालकांच्या संघटना व शोधकांची परिषद ह्यांनी मिळून मान्य केलेली आचारसंहिता (सुधारित आवृत्ती २०१७) ह्याच दिशेने जाते. तिचे पालन ऐच्छिक आहे, ही तिची मर्यादा.

निधीपेक्षाही सुट्या, फुटकळ वस्तूंचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; निधीची वार्ता होते म्हणून तो नजरेआड होतो इतकेच. लिंकनशरमधील टॉर्क्सी येथे इ. स. ८७२-७३ च्या हिवाळ्यात व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याची छावणी होती, असे इतिवृत्तांत म्हटले होते, पण तिची जागा व विस्तार कोणालाच ठाऊक नव्हता. त्या शेतांतून हौशी शोधकांनी वर्षानुवर्षे शंभरावर अरबी दिरहम, चांदीचे कापलेले तुकडे, वजने आणि शिशाच्या सोंगट्या गोळा केल्या. यॉर्क व शेफील्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी ह्या वस्तूंची स्थाने नकाशावर मांडली, तेव्हा एक अवाढव्य छावणी डोळ्यांपुढे उभी राहिली. सोंगटी एकटी पाहिली तर तिला बाजारात फारशी किंमत नाही. तिचे मोल ती कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यात पडली होती ह्यात आहे. हे काम साधले ते तीच माणसे तीच जमीन पुन्हा पुन्हा शोधत राहिल्यामुळे. सफोकमधील रेंडलशॅम येथे २००८ पासून झालेल्या सर्वेक्षणातही निवडक शोधकांनी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली हेच केले आणि अँग्लो-सॅक्सन राजांचे निवासस्थान उजेडात आले.

मेळाव्यात ह्याच्या उलट घडते. अनेक वर्षांत मिळावयाच्या वस्तू दोन दिवसांत निघतात. अधिकारी एक-दोघेच असल्याने सर्व वस्तूंना न्याय मिळत नाही. आणि जे तंबूपाशी न येताच घरी परततात त्यांच्या वस्तूंचे स्थान कायमचे हरवते. आणखी एक उणीव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कोणता माणूस कोठे फिरला, कोठे काहीच सापडले नाही, ह्याची नोंद कोणी करीत नाही. नकाशावरील रिकामी जागा म्हणजे प्राचीन काळी वस्ती नव्हती की त्या कोपऱ्यात दुपारनंतर कोणी फिरकलेच नाही, हे मग सांगता येत नाही. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यातील धोका निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

इतर देशांनी निराळे मार्ग पत्करले आहेत. आयर्लंडमध्ये १९८० मध्ये डेरिनाफ्लान येथील चर्चच्या परिसरात यंत्राच्या साहाय्याने मौल्यवान पात्रे काढली गेली. त्यानंतरच्या वादातून १९८७ मध्ये तेथे परवान्याशिवाय पुरावस्तूंचा असा शोध घेण्यास बंदी आली. स्कॉटलंडमध्ये धातू कोणताही असो, सापडलेल्या पुरावस्तूवर प्रथम राजसत्तेचा हक्क असतो. डेन्मार्कमध्ये शोध मुक्त आहे, मात्र महत्त्वाच्या वस्तू राज्याला दिल्याच पाहिजेत.

भारतात अशा मेळाव्यांची प्रथा नाही, तरी ह्या चर्चेतील मर्म महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला चांगले ओळखीचे आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. पुन्हा ठसा मारलेले एखादे नाणे सुटे मिळाले असते तर ते कुतूहलाची वस्तू ठरले असते. न मारलेले सुटे मिळाले असते तर क्षत्रपांचे आणखी एक नाणे, एवढेच. दोन्ही प्रकार एका साठ्यात आणि ह्या प्रमाणात आढळल्यामुळे सातवाहनांच्या विजयाला व नव्या राजाने जुने चलन ताब्यात घेतल्याला भक्कम पुरावा लाभला. साठा सराफकट्ट्यावर वितळला असता तर हे प्रमाण कोणालाच कळले नसते.

ह्या बाबतीत भारतात आजही १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे. त्याची व्याख्या इंग्लंडच्या कायद्याहून व्यापक आहे: जमिनीत दडलेली कोणतीही वस्तू, मग ती कोणत्याही धातूची वा द्रव्याची असो, निधी होय, तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली की शोधकाने जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावयाची. मूळ धनी न सापडल्यास व वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधकाला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला असा वाटा आहे. सरकारने निधी घ्यावयाचे ठरविले तर धातूचे वा द्रव्याचे मूल्य आणि त्याच्या एक पंचमांशाची भर एवढी रक्कम मिळते. बाजारातील पुरावस्तूच्या किमतीशी तिचा संबंध नाही, आणि प्रामाणिक वर्दीला उत्तेजन देण्याच्या दृष्टीने ही तरतूद इंग्लंडच्या तुलनेत दुबळी आहे. वर्दीत काय लिहावे हेही अधिनियमाने सांगितले आहे: निधीचे स्वरूप व परिमाण किंवा अंदाजी मूल्य, तो सापडल्याचे ठिकाण, आणि तारीख. किती खोलीवर, कोणत्या मातीत, कशाच्या खाली आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र त्यात विचारलेले नाही.